गिरणीतला नंबर

११ जुलै. आज सकाळचं काम एकच होतं, चष्म्याचा नंबर तपासून आणणे. सांगलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यासाठी आधी नंबर लावावा लागतो. तो मी काल फोनवर लावला. फोन घेणाऱ्या मुलीने माझा मोबाईल नंबर लिहून घेतला आणि म्हणाली, "मावशी, तुमचा नंबर एकवीस. अकरापर्यंत या." अकराला पोचले तर आत बारावा गेलेला. बाकावर बसून राहिले. शेजारचा गृहस्थ फोनवर ओरडून सांगत होता की थोरल्याचा नंबर लागला, कऱ्हाडला लागला. पलीकडच्या दोघी कुणाच्या तरी बारशातल्या बासुंदीला एक नंबर, एक नंबर म्हणत होत्या. एक म्हातारे मात्र कोणाचंही न ऐकता थेट दाराशी गेले आणि "आमचा नंबर आता फकस्त वर लागायचा ऱ्हायलाय" असं म्हणून आत शिरले. त्यांना कोणी अडवलं नाही. हातात काम नव्हतं, म्हणून मी या शब्दाचाच विचार करत बसले. इंग्रजांनी तो मोजण्यासाठी दिला असेल. आपण तो रांगेला, निवडीला, कौतुकाला, काळ्या धंद्याला आणि मरणालाही वापरतो, आणि आपलं काही अडत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गिरणीत या शब्दाचं काय झालं ते एकदा लिहून ठेवायचं होतंच. घरी आले, जेवले आणि लिहायला बसले.

हा शब्द आमच्या घरात तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फौजेतून आणला. आमचं गाव वडूज आणि कोरेगावच्या मधलं. तिथे तेव्हा इंग्रजी शब्द तीन वाटांनी येत: शाळेतून, एसटीतून आणि फौजेतून. शाळेतले परीक्षेपुरते टिकत, एसटीतले तिकिटापुरते. फौजेतले मात्र घरात राहायला येत. तात्या हवालदार होऊन पेन्शनवर आले तेव्हा मी आठवीत होते. कोणी नाव विचारलं की ते आधी फौजेतला नंबर सांगत आणि मग नाव. नाव दोघांचं एक असू शकतं, नंबर असू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आल्या आल्या त्यांनी घराला नंबर लावले. न्हाणीत जाण्याचा नंबर ठरला, पाणी आणायला जाण्याचा ठरला, रात्री कंदिलाची काच कोणी पुसायची त्याचाही ठरला. आई जतकडची, कोरड्या मुलखातली. तिच्या बोलण्यात कानडी शब्द असत आणि वागण्यात उगाच काही नसे. ती म्हणायची, "आवं, पानी तापंल तसं न्हायला जावा की. चूल काय तुमची शिट्टी ऐकतीया?" तात्या दुसऱ्या दिवशी पुन्हा नंबराने हाक मारत.

माझी थोरली बहीण सुशी हिचं लग्न झालं, तेव्हा मांडवातच मावशीने माझ्याकडे बघून म्हटलं, "आता हिचा नंबर." हा नंबर मला नको होता. मला मॅट्रिक झाल्यावर साताऱ्याला कॉलेजात जायचं होतं. तात्यांनी हो म्हटलं होतं, पण अट घातली होती: गिरण चालली तर. नाही चालली तर तासगावचं एक स्थळ सांगून आलंच होतं, मुलगा बरा होता, शेती होती, आईला पसंत होतं. तेव्हा गिरणीच्या आवाजाकडे घरात सगळ्यात जास्त लक्ष माझं असे.

गिरण घराच्या पुढच्या खोलीत होती. तात्यांनी फौजेतून मिळालेलं सगळं तिच्यात घातलं होतं. मागच्या पडवीत ऑईल इंजिन, भिंतीतल्या भोकातून आत येणारा लांब पट्टा, आणि पुढे दगड. इंजिनाच्या धुराच्या नळीवर तात्यांनी एक लोखंडी पेला उपडा बसवला होता, त्यामुळे ते पुक-पुक-पुक करायचं आणि गिरण चालू आहे हे शिवारातल्या बायकांनाही कळायचं. आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट त्या आवाजात व्हायची. आई भाकरी थापायची ती त्याच ठेक्यावर, असं सुशी म्हणायची. पीठ सगळीकडे असे: फडताळावर, देवांवर, माझ्या पुस्तकांत, तात्यांच्या भुवयांत. दुष्काळ नुकता सरला होता, रेशनवर अजून लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळत होता, आणि गावातल्या जवळजवळ सगळ्या डब्यांत तोच असायचा. त्याच्या भाकरीला चिकटपणा नाही. थापताना कडा फाटत, भाजल्यावर ती विटेसारखी दिसे. आई तिच्या माहेरच्या पद्धतीने शेंगदाण्याची जाड चटणी करायची, हुलग्याचं माडगं करायची, आणि त्यात बुडवून ती भाकरी आम्ही खायचो. अजूनही मला लाल ज्वारी दिसली की भूक लागत नाही, तहान लागते.

गिरणीत दळलेलं पीठ कधीच पूर्ण आपलं नसतं. दोन दगडांच्या मध्ये आधीच्या माणसाचं मूठभर पीठ अडकून राहतं. ते पुढच्याच्या डब्यात पहिल्यांदा पडतं, आणि पुढच्याचं मूठभर मागे राहून त्याच्या मागच्याला मिळतं. हे बायकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून बाजरीमागे गहू घालायचा नाही. गहू शुक्रवारी, वेगळा. आणि म्हणूनच ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातले डबे खोलीत मांडायचे नाहीत. हा दुसरा नियम कोणी तोंडाने सांगितलेला मी कधी ऐकला नाही. ते डबे पायरीखाली लिंबाच्या बुडाशी उभे राहत. गावाचं सगळं दळून झालं, उन्हं उतरली, की मग ते आत येत. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरण सुरू झाल्यावर आई आधी आमची ओंजळभर ज्वारी दगडातून काढून घ्यायची. मला पहिल्यांदा वाटलं, ती देवाच्या नावाची ओंजळ असेल.

खोलीतल्या डब्यांचा क्रम आई लावायची आणि त्यावरून रोज भांडणं व्हायची. माझा डबा कोणी सरकवला, मी आधी आले होते, तू तर भाजीला गेलीस. एक दिवस दोघींच्या ओढाओढीत अख्खा डबा शेणाने सारवलेल्या जमिनीवर सांडला, तेव्हा तात्यांनी ठरवलं की नंबर लावायचे. रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी गोल बिल्ले केले, प्रत्येकावर खिळ्याने ठोकून आकडा काढला, आणि सगळे एका दोरीत ओवले. माझी शाळा अकराची. सकाळी पायरीवर बसून बिल्ले देण्याचं काम माझ्याकडे आलं. "येईल त्याला फुडचा बिल्ला," तात्या म्हणाले. "तोंड बघायचं न्हाई, डबा बघायचा न्हाई."

आई आतून म्हणाली, "तोंड न बघता गाव चालत आसतंय व्हय?"

पण लिंबाखालच्या डब्यांचं काय करायचं, हे तिच्याही ध्यानात आलं नाही. तात्यांच्या तर नाहीच. ते दगडांकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून उभे असत, संध्याकाळी कोणाचे डबे येतात हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

पहिले काही दिवस छान गेले. मग एका सकाळी हिराबाई आली. ही बौद्धवाड्यातली, उंच, मोठ्याने बोलणारी बाई. नवरा फौजेत, घरी सासू आणि तीन पोरं. त्या दिवशी तिला बंधाऱ्याच्या कामावर जायचं होतं म्हणून ती सकाळीच दळण घेऊन आली आणि सवयीने डबा लिंबाखाली ठेवून निघाली. मी हाक मारली, "हिराबाई, बिल्ला घेऊन जावा."

"मला कशाला गं बाय बिल्ला? माजा नंबर ठरल्यालाच हाय. दिवस बुडायचा."

"तात्यांनी सांगितलंय, येईल त्याला द्यायचा."

तिने बिल्ला घेतला, उलटापालटा करून बघितला, आणि हसून पायरीवरच बसली. कामावर उशीर झाला तरी चालेल, पण हे बघून जाऊ, असा काहीसा तिचा चेहरा होता. मी हे कुठल्या मोठ्या विचाराने केलं नव्हतं. माझं काम दोरी रिकामी करत जाण्याचं होतं, ते मी करत होते.

तिचा सातवा होता. तात्या इंजिनाच्या वरताण ओरडले, "सात!" हिराबाई डबा घेऊन आत गेली, आणि खोलीतलं बोलणं थांबलं. आठवा बिल्ला गुरवाच्या म्हातारीकडे होता. तिने तो हळूच पदराखाली घेतला. बोलल्या त्या मालनकाकू. वरच्या आळीत त्यांचं मोठं घर, घरात पुष्कळ माणसं, आणि गिरणीला सगळ्यात जास्त दळण त्यांचंच.

"हवालदार, ह्ये काय?"

"काय?"

"सात नंबरला कोन आलंय बघा तरी."

तात्यांनी वळून बघितलं. "हिराबाई हाय. का?"

"का म्हंजे? ती सांजंला येतीया न्हवं?"

"आज सकाळी आली. सकाळचा बिल्ला मिळाला. तुमचा कितवा हाय?"

हिराबाई डबा कमरेवर धरून मध्ये उभी होती. ती म्हणाली, "काकी, तुमचाबी मिलू आनि माजाबी मिलू. अमेरिकंतनं येताना एकाच बोटीत बसून आलाय त्यो. हितं उतरल्यावर कशाला येगळा करताय?"

यावर तात्या हसले. ते हसायला नको होते. मालनकाकूंनी आपला डबा उचलला, बिल्ला तात्यांच्या समोरच्या फळीवर आपटला आणि म्हणाल्या, "ह्यो घ्या तुमचा नंबर. छातीवर लावा, मिडल म्हणून." त्यांच्या मागून एकेक करून सगळ्या गेल्या. हिराबाईने विचारलं, "दळू का ऱ्हाऊ दे, हवालदार?" तात्या म्हणाले, "डबा वत."

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडच्या दोन-तीन बायका सोडल्या तर कोणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. टेकाडापलीकडच्या गावाला एक गिरण होती, सगळ्या बायका डोक्यावर डबे घेऊन तिकडे जाऊ लागल्या. आमच्या दारावरूनच वाट होती. त्या जाताना आई दारात उभी राहायची आणि त्या तिच्याशी नेहमीसारखं बोलत: काय वैनी, झालं का काम, सुशीचं काय पत्र. फक्त डबा खाली ठेवत नसत. इंजिन बंद असलं की घर मोठं झाल्यासारखं वाटे. घड्याळ ऐकू यायला लागलं. आई फडताळावरचं पीठ पुसून काढायची आणि ते पुन्हा बसत नसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तासगावच्या स्थळाचं नाव पुन्हा निघालं. मी भूमितीचं पुस्तक उघडून बसले होते, त्यातलं एक अक्षर डोक्यात जात नव्हतं.

तानाजीआबा म्हणून गावातले एक वडीलधारे गृहस्थ होते, ते तात्यांना समजावायला आले. भांडायला आले नव्हते. चहा घेतला, तंबाखू मळली.

"हवालदार, नंबर चांगला हाय. ऱ्हाऊ द्या. फकस्त त्यांचं बिल्लं येगळ्या दोरीला लावा."

"म्हंजे दोन दोऱ्या."

"व्हय. कुनाला बोलायला नगं, चालायला नगं."

तात्या म्हणाले, "आबा, फौजेत लंगरात ताट घिऊन इतकी वर्सं हुबा ऱ्हायलो. फुडं कोन, मागं कोन, कवा बघितलं न्हाई."

"तितं सरकार जेवाय घालतंय, गड्या," आबा म्हणाले. "हितं गाव घालतंय."

आबा उठून गेल्यावर तात्या बराच वेळ इंजिनाचा एक नट काढत आणि बसवत राहिले. माझे वडील सुधारक होते असं कोणी समजू नये. हिराबाईच्या नवऱ्याला ते फौजेतला म्हणून मान देत, पण त्याच्या घरी चहाला गेलेले मी त्यांना पाहिलं नाही. त्यांचं एवढंच होतं की नंबर दिला की दिला. तो मागे घेतला तर मग तो नंबर कसला, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि आईच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"तुमचा नंबर भाकरी थापतोय का?" ती म्हणाली.

"मग काय करू? दोन दोऱ्या करू?"

"तुमी काय करू नगा," आई म्हणाली. "तुमी दगडाकडं बघा."

तिने काय ठरवलं होतं ते मला दुसऱ्या सकाळी कळलं. ती म्हणाली, "विमल, हिराबाईला नायतर तिकडच्या कुनालाबी बिल्ला दिलास की त्याच्या फुडचा मला दे." मी दिला. हिराबाईचं दळून झालं की तात्या पुढचा नंबर ओरडत, आणि आई बुट्टीत चार मुठी मिलो घेऊन आत जायची. बुट्टी म्हणजे छोटी पाटी, तिचा माहेरचा शब्द. तात्या विचारत, "आज परत आपलं?" ती म्हणायची, "पावणं येत्यात." मग ती विहिरीवर जाऊन मालनकाकूंच्या कानावर घालून आली की मध्ये आमचं जातंय, तेव्हा जे काही राहील ते आमच्या भाकरीत राहील, तुमच्या नाही. दोन दिवसांनी गुरवाची म्हातारी आली. मग वरच्या आळीतल्या दोघी. आठवड्याभरात खोली पुन्हा भरली आणि इंजिन दुपारपर्यंत पुक-पुक करायला लागलं. मालनकाकू सगळ्यांत शेवटी आल्या, पण आल्या. तासगावचं नाव मागे पडलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. गेलं का कुनाचं काय?"

मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. गिरण चालू होती, नंबर चालू होते, तात्यांचा शब्द राहिला होता, आणि मी भूमितीकडे परत गेले होते. एकच त्रास होता. घरात पीठच पीठ झालं होतं. तिघं माणसं किती खाणार? डबे भरले, मग मडकी भरली, मग लुगड्याच्या जुन्या कापडात बांधून ठेवलं. मिलोचं पीठ टिकत नाही. भाकऱ्या कडवट लागायला लागल्या. तात्या घास चावत थांबायचे, आईकडे बघायचे, आणि पुन्हा चावायचे.

हिराबाईला कळायला फार दिवस लागले नाहीत. तिचं दळण झालं होतं, ती डब्याच्या तोंडाला फडकं बांधत होती. तात्यांनी पुढचा आकडा ओरडला आणि आई बुट्टी घेऊन आत आली.

"आक्का," हिराबाई म्हणाली, "तुमच्या घरी लय पीठ लागतंय वो."

"खाणारी तोंडं हायत," आई म्हणाली.

"तीन तोंडं. आनि मी आली की मगच भूक लागती व्हय त्यास्नी?"

बायकांपैकी कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. हिराबाईने फडक्याची गाठ सोडली, परत बांधली. तिचा आवाज नेहमी मोठा असायचा. त्या वेळी तो लहान झाला, पण पट्ट्याच्या आवाजातही ऐकू आला. "मला वाटलं, माजा नंबर लागला. तुमी तर ती पायरीच आत आणून ठेवलीसा. त्यापरास मी टेकाडापलीकडं जाती. तितं निदान मला ठावं आसतंय मी कुठं हुबी हाय त्ये."

तात्यांनी पट्टा काढला. दगड फिरत फिरत थांबले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मालनकाकूंनीच सांगितलं, अगदी सरळ, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "आवं, मधी तुमचं घालत्यात म्हणून तर आमी यायला लागलो."

तात्या आईच्या हातातल्या बुट्टीकडे बघत राहिले. मग हिराबाईला म्हणाले, "उद्या या. उद्या मागं आमचं कोन न्हाई."

"मागं कोनतरी असंलच की, हवालदार," ती म्हणाली. "कोन असतंय त्येच बघायचं हाय मला." आणि डबा डोक्यावर घेऊन गेली.

संध्याकाळी जेवताना तात्यांनी भाकरी मोडली, वास घेतला आणि ताटात ठेवली. "उद्यापास्नं आपलं दळण न्हाई."

"मग परवापास्नं गिरण न्हाई," आई म्हणाली. "आनि ही तासगावला."

मी चटणीची वाटी पुढे सरकवली. मला कोणी काही विचारलं नाही, आणि माझ्या वयाच्या मुलीला विचारण्याची पद्धतही नव्हती. माझ्या लेकीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आजी वाईट वागली. वागली. पण आजीला त्या गावात रोज विहिरीवर जायचं होतं आणि घरात चूल पेटवायची होती, तात्यांना फक्त दगडांकडे बघायचं होतं. लेक म्हणाली, मग आजोबा बरोबर होते ना? हो, होते. दोघंही एकाच घरात, एकाच जेवणाला बसलेली होती, आणि त्या संध्याकाळी ती भाकरी तिघांनाही खाववत नव्हती. तेवढं मला आठवतं. कोणाच्या बाजूला मी होते ते मात्र आठवत नाही; माझं लक्ष साताऱ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी घेऊन पायरीवर बसले. पहिले दोन बिल्ले गावच्या खालच्या मळ्यातल्या बायकांनी नेले. मग हिराबाई आली. डबा डोक्यावर, नेहमीपेक्षा चापून नेसलेलं लुगडं, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता हात पुढे. मी तिसरा बिल्ला दिला. ती आत जाऊन भिंतीशी उभी राहिली. नंतर बराच वेळ वाटेवर कोणी दिसेना. तात्यांनी पहिला नंबर दळला, दुसरा घेतला. तेवढ्यात वरच्या आळीकडून मालनकाकू आल्या, जवळजवळ धावतच. त्यांच्या धाकटीला बघायला दुपारी पाहुणे यायचे होते आणि घरात पीठ नव्हतं. मी चौथा बिल्ला पुढे केला.

त्यांनी तो घेतला, आत डोकावल्या, भिंतीशी उभी असलेली हिराबाई बघितली. मग घराच्या आतल्या दाराकडे बघितलं. तिथे आई उभी होती, कमरेवर बुट्टी, बुट्टीत मिलो. तात्यांनी सांगूनही ती उठून आली होती.

"विमे," मालनकाकूंनी मला विचारलं, "तुमचं दळण हाय न्हवं आज?"

आई माझ्याकडे बघत होती. तात्यांची पाठ आमच्याकडे होती, पण हात थांबला होता.

"न्हाई, काकू," मी म्हणाले. "आमच्यात पीठ पडून ऱ्हायलंय. त्याला जाळी धराय लागलीया." आणि मी उठले, आईच्या कमरेवरची बुट्टी घेतली, आतल्या पोत्यात रिकामी केली आणि परत येऊन बसले. आईने ती ओढून धरली नाही. सोडली.

"मग मला पाच दे," मालनकाकू हळू आवाजात म्हणाल्या.

"पाच मागनं येणाऱ्याला. तुमचा चार हाय."

"लय शानी झालीस," त्या म्हणाल्या.

"तीन!" तात्या ओरडले. हिराबाईने आपला डबा दगडांवरच्या पेटीत ओतला. मालनकाकू दारात उभ्या राहून टेकाडाकडच्या वाटेकडे बघत होत्या. तिकडे जाऊन दळून यायचं तर पाहुणे दारात येतील, हे मला कळत होतं, त्यांना तर कळतच होतं. ऊन वर आलं होतं. हिराबाईचं पीठ पडून झालं, तिने डबा बाजूला घेतला, पण फडकं बांधायला घेतलं नाही. ती तशीच उभी राहिली.

"चार!" तात्या म्हणाले. कोणी हललं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "चार."

मालनकाकू आत गेल्या. पदर खोचला, डबा उचलला आणि पेटीत ओतला. खाली कापडाच्या तोंडातून लाल पीठ पडायला लागलं. सगळ्या बायका करतात तसं त्यांनी पडत्या पिठाखाली हात धरला, चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळलं. हिराबाई बघत होती. मी पायरीवरून मान वळवून बघत होते.

"हवालदार," मालनकाकू म्हणाल्या, "ह्ये काय दळताय का भरडताय? लय जाड पडतंय. पावण्यांस्नी असल्या भाकऱ्या घालू व्हय? आवळा की जरा."

तात्यांनी दगड जवळ आणणारं चाक आवळलं. दगडांचा आवाज बदलला. हिराबाईने फडकं बांधलं, डबा डोक्यावर घेतला आणि कामावर गेली. वाटेवरून कोणीतरी येताना दिसलं, तिला मी पाचवा बिल्ला दिला. मग दप्तर घेतलं आणि शाळेला निघाले.